दार उघडले, वाट कोण अडवतो?

मूल शाळेत मागे पडले की आपण दोष कोणाला देतो? त्याच्या बुद्धीला, नाहीतर त्याच्या आईबापाच्या अडाणीपणाला. सवर्ण वस्तीतला माणूस असे म्हणतोच; दुःखाची गोष्ट ही की आपल्या वस्तीतला शिकलेला माणूसही आता तेच म्हणू लागला आहे. या पाठात आपण वेगळा प्रश्न विचारणार आहोत. शाळा किती अंतरावर असावी, कितवीपर्यंत असावी, कोणत्या भाषेत चालावी, तिला शिक्षक किती असावेत, हे ठरवते कोण? मूल ठरवत नाही. त्याचे आईबापही ठरवत नाहीत. ते सरकार ठरवते आणि संस्थाचालक ठरवतात. शिक्षणातल्या विषमतेची पुष्कळशी मुळे या ठरवण्यातच आहेत.

१. पहिला लढा दाराचा, दुसरा टिकण्याचा

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, अशी सरकारला भीती वाटली आणि मुलगा बाहेरच राहिला. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या श्रमातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली.

पुढे दार कायद्याने उघडले. परंतु बाबासाहेबांनी पाहिले की दारातून आत जाणे आणि आत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी हिशेब मांडला: प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. ही ८२ मुले मंद होती काय? नाही. शाळेची रचनाच त्यांना गाळत होती.

२. वऱ्हाडातली वाट

आता आपल्या भागाकडे पाहू. अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा पुष्कळ काळ चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच असत. पुढची शाळा दुसऱ्या गावी. ज्या इयत्तेला गावची शाळा संपे, त्याच इयत्तेला आपली मुले, विशेषतः मुली, गळत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवी आणि आठवी असे टप्पे धरले. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असे आहे. पण कागदावरच्या ३ किलोमीटरांत पावसाळ्यातला नाला आणि काळ्या मातीचा चिखल मोजलेला नसतो.

दुसरी गोष्ट शाळेच्या वर्षाची. विदर्भात ऊन कडक, म्हणून इकडच्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा काही दिवस उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे स्थानिक परिस्थिती पाहून वेळापत्रक बदलता येते, हे सरकारला मान्य आहे. मग कापसाच्या वेचणीचे काय? दिवाळीच्या आगेमागे मजुरांची मुले आईबरोबर शेतात असतात. नेमके तेव्हाच सत्र भरात असते आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. लोक म्हणाले, पोरगा हुशार निघाला. परंतु माझ्या वाट्याची वेचणी थोरली बहीण करीत होती, आणि तिचे नाव चौथीनंतर पटावरून गेले. ती माझ्याहून कमी हुशार नव्हती.

तिसरी गोष्ट भाषेची. मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या पुढ्यात मराठी पुस्तक ठेवले जाते. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. तिचे कूळच वेगळे, मुंडा भाषांचे. न कळणाऱ्या भाषेत मूल गप्प बसते, आणि गप्प बसले की त्याला मंद ठरवतात. लोकांनी आपापल्या बोलीत धम्म शिकावा अशी मुभा भगवान बुद्धांनी दिल्याचे विनयपिटकात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे समजले, ते आपल्या शाळाखात्याला अजून पुरते उमगलेले नाही.

चौथी गोष्ट तुकड्यांची. गुणांवरून अ, ब, क अशा तुकड्या पाडल्या, 'सेमी-इंग्रजी'ची एक तुकडी वेगळी काढली, की कोणत्या तुकडीत कोणत्या वस्तीची मुले बसतात ते पाहावे. गावाची जातवार रचना वर्गात उतरलेली दिसेल.

३. पैशाचे धोरण

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्वांसाठी समान शाळा आणि परिसरशाळा सुचवली: श्रीमंताचे आणि मजुराचे मूल एकाच बाकावर बसावे. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात महाराष्ट्र उलट्या दिशेने गेला. २००० साली 'शिक्षणसेवक' आला, म्हणजे तुटपुंज्या मानधनावरचा शिक्षक. २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' शाळा आल्या; 'कायम' हा शब्द २००९ साली निघाला, पण फी भरणाऱ्यांची एक शाळा आणि न भरणाऱ्यांची दुसरी, ही विभागणी पक्की झाली.

शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागा देण्याचे बंधन नाही. शहरात अशी शाळा जवळ नसते असे किती ठिकाणी घडेल? म्हणजे कायदा तसाच ठेवून त्यातला प्राण काढून घेतला. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. एका ओळीचा नियम हजारो मुलांची वाट अडवू शकतो, हा यातला धडा.

४. पटसंख्येचे हत्यार

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांवर होत्या. त्या कोठे असतात? तांड्यावर, पाड्यावर, डोंगरात, लहान वस्तीत. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे पदच नाही, असा निकष आला. शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, मूल गेले म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून शाळा बंद. मोठ्या शाळेत सोयी अधिक, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु सोयी तेथे आणि मूल घरी, असे झाले तर त्या सोयी कोणासाठी?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांसाठी आपण लढतो, ते योग्यच आहे. पण दहावीच्या आत गळालेल्या मुलाला यांतले काहीच मिळत नाही.

५. आपण काय करावे

रचना माणसांनीच केलेली असते, म्हणून माणसांना ती बदलता येते. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालवले आणि १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभारली. अंतर हा अडथळा आहे, हे ओळखूनच वसतिगृहे निघाली.

कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. ही समिती बहुतेक ठिकाणी सहीपुरतीच उरते.

विहारातील अभ्यासवर्गाने पुढील कामे करावीत:

(१) आपल्या वस्तीतून पाच वर्षांपूर्वी पहिलीत गेलेल्या मुलांची यादी करावी. आज कोण कितवीत आहे आणि कोण कोठे गळाले, ते लिहावे.

(२) शाळा समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे? ती माणसे, विशेषतः स्त्रिया, बैठकीत बोलतात काय?

(३) २५ टक्के जागांचे अर्ज भरण्याचे दिवस कोणते, कागदपत्रे कोणती, याची माहिती प्रत्येक घरी पोचवावी.

(४) वेचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यास घ्यावा. शिकलेल्या तरुणांनी पाळी लावावी.

पहिले काम आधी करावे. बाबासाहेबांनी १०० पैकी १८ हा हिशेब मांडून सरकारला जाब विचारला. आपल्या वस्तीचा हिशेब आपल्याजवळ नसेल, तर आपण जाब कशाच्या बळावर विचारणार?