सह्यांच्या आधीचे तीन दिवस

अमेरिकेत घर घेतलेल्या कुणालाही विचारा, क्लोजिंगच्या, म्हणजे सह्या करून घर नावावर होण्याच्या दिवसाच्या, दोनच गोष्टी आठवतात: हात दुखेपर्यंत केलेल्या सह्या आणि शेवटी मिळालेली किल्ली. मधल्या गठ्ठ्यात काय होतं, ते फारसं कुणी सांगू शकत नाही.

न्यू जर्सीत एडिसनजवळ घर घेताना प्रस्तुत लेखकाने हे बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. म्हणून क्लोजिंग डिस्क्लोजर येताच तो आधी आलेल्या लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिला. ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार हा पाच पानी हिशेब सह्यांच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कर्जदाराला मिळावाच लागतो. ताडताना सापडलं ते असं: कर्ज देणाऱ्या कंपनीने प्रोसेसिंगच्या नावाखाली एक नवी रक्कम घुसडली होती. एस्टिमेटमध्ये तिचा पत्ताच नव्हता. कंपनीची स्वतःची फी सबळ कारण घडल्याशिवाय एका डॉलरनेही वाढवता येत नाही. नोंदणी शुल्कासारख्या काही बाबी मिळून दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकतात. घराचा विमा आणि आगाऊ व्याज यांना मात्र अशी मर्यादा नाही. लेखकाने कंपनीला लेखी विचारणा केली आणि ती रक्कम निमूटपणे काढली गेली.

हेच सह्यांच्या टेबलावर सापडलं असतं तर? दारात सामानाचा ट्रक उभा असताना वाद घालायला कुणाला सवड असते! शिवाय घरखरेदीच्या कर्जावर एकदा सही झाली की तीन दिवसांत माघार घेण्याची सोय नाही. ती रिफायनान्ससाठी असते, आणि लोक तिथेच गफलत करतात.

खर्चाचा अंदाज आधीच बांधावा. डाउन पेमेंट सोडून क्लोजिंगला साधारणपणे किमतीच्या २ ते ५ टक्के लागतात, म्हणजे चार लाख डॉलरच्या घराला आठ ते वीस हजार. त्यात टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, येतो. कर्ज देणाऱ्यासाठी घेतलेली पॉलिसी त्याचंच रक्षण करते. उद्या मालकीवर कुणी दावा सांगितला तर खरेदीदाराला स्वतःची पॉलिसी वेगळी लागते. ती ऐच्छिक आहे, पण घ्यावीच.

आपल्या लोकांची आणखी एक गंमत म्हणजे नावं. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट, क्रेडिट रिपोर्टवर नुसतं आद्याक्षर, लग्नाआधीचं आडनाव तिसरीकडेच. ही सगळी रूपं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र टेबलावर समोर येतं; दचकू नये. मात्र ओळखपत्र आणि कर्जाचे कागद यांवरचं नाव आधीच जुळवून घ्यावं. पुण्याहून आई-वडिलांनी पैसे पाठवले असतील, तर ती भेट आहे, उसनवारी नाही, असं त्यांचं सहीचं पत्र आणि पैसे कुठून आले याचा पुरावा लागतो. ऐनवेळी खात्यात अवतरलेली मोठी रक्कम बँकेला खटकते. तसंच सह्या होईपर्यंत नवी गाडी किंवा नवं क्रेडिट कार्ड घेऊ नये. क्रेडिट आणि नोकरी पुन्हा तपासली जाते.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. क्लोजिंग तोंडावर आलं की व्यवहार पार पाडणाऱ्या टायटल कंपनीच्या नावाने मेल येतो: 'खाते क्रमांक बदलला आहे, पैसे इथे पाठवा.' भामटे खऱ्या व्यवहाराची तारीख आणि रक्कमही त्यात बिनचूक लिहितात. वायरने गेलेले पैसे परत मिळणं फार कठीण. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. पहिल्या भेटीत मिळालेल्या नंबरवर करा आणि खाते क्रमांक तोंडी पडताळून घ्या.

सह्यांच्या आधी घरात शेवटची फेरी मारून नळ, गिझर, हीटर चालवून पाहा आणि तळघरात ओल आहे का तेही बघा. दुरुस्तीचा आग्रह तेव्हाच धरता येतो.

नव्या पत्त्यावर काही दिवसांनी सरकारी वाटावं असं एक पत्र येईल. घराच्या डीडची, म्हणजे मालकीच्या दस्ताची, प्रत देतो म्हणून शंभरेक डॉलर मागणारं. ते सरळ टोपलीत टाका. तीच प्रत काउंटीच्या कार्यालयात किरकोळ शुल्कात मिळते.