मराठी घरातील मूल आणि मराठी पुस्तक

धार व देवास येथील आपल्या सभासद कुटुंबांतील बहुतेक मुले हिंदी अथवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरी ती मराठी बोलतात, दूरचित्रवाणीवरील मराठी मालिकाही त्यांना समजतात. परंतु पुढे मराठी पुस्तक ठेवले की अडखळतात. मग आजोबांच्या कपाटातील ग्रंथ त्यांच्यापुरते मुकेच राहतात.

वस्तुतः अडचण फार मोठी नाही. हिंदी शिकणाऱ्या मुलास देवनागरी येतेच. नवे अक्षर मुख्यतः एक, 'ळ'. खरी अडचण उच्चाराची व अर्थाची. 'चिंच' या एकाच शब्दात 'च' दोन प्रकारे उच्चारला जातो. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड! मालिका पाहून ही जाण येत नाही. वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून मोठ्याने वाचावे लागते.

आरंभ 'श्यामची आई'ने करावा, असे आम्हांस वाटते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील प्रकरणांस 'रात्र' म्हटले आहे. आश्रमातील प्रार्थना आटोपली की श्याम आपली एकेक आठवण सांगतो. आपल्याकडे सायंकाळची आरती संपते, तेव्हाच मालिकांची वेळ होते. तेवढा वेळ पडदा बंद ठेवून रोज एक रात्र वाचावी. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट उत्तम आहे, पण तो नंतर दाखवावा.

प्रथम आईवडिलांनी वाचावे, मग एखादा परिच्छेद मुलाकडे द्यावा. चुकीच्या उच्चारास हसण्याची आपल्या घरांतून फार खोड आहे. त्या हसण्यानेच मूल पुस्तक मिटते.