आकाशाची मोजपट्टी

मुलांनो, कार्तिक महिन्यातील एखाद्या चांदणे नसलेल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, गावाबाहेरच्या माळावर जाऊन उभे राहा. पावसाळ्यातील ढग पांगलेले असतात आणि आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसते. माथ्याजवळ चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन तुम्हांला दिसेल. तो भाद्रपदांचा चौकोन होय. त्याच्या ईशान्येकडील कोपऱ्यापासून ताऱ्यांची एक ओळ निघते. ती देवयानीची ओळ. या ओळीच्या किंचित उत्तरेस नजर स्थिर करून पाहा. कापसाच्या पेळूतून निसटलेला एखादा तंतू वाऱ्यावर अडकून राहावा, तसा एक पुसट, पांढुरका ठिपका तेथे दिसतो.

हा ठिपका काय असावा? जवळच तरंगणारा एखादा वायूचा ढग, की फार दूर असलेला ताऱ्यांचा समुदाय? शंभर वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीच नव्हते. प्रश्न एका ठिपक्याचा दिसतो खरा. परंतु विश्व केवढे आहे, याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून होता. ते उत्तर मिळण्यास एकच गोष्ट हवी होती : त्या ठिपक्याचे अंतर. आणि आकाशाला पुरेल अशी मोजपट्टी माणसाने कशी तयार केली, तीच हकीगत आज आपण पाहणार आहोत.

प्रथम आपल्या शेजाऱ्यांकडे पाहू. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,000 किलोमीटर दूर आहे. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. हे अंतर केवढे, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. समजा, ती ठाण्यास न जाता ताशी 100 किलोमीटर वेगाने, कोठेही न थांबता, सूर्याकडे निघाली असती; तर तेथे पोहोचेपर्यंत 2023 साल संपत आले असते! प्रकाश मात्र हेच अंतर आठ मिनिटे आणि वीस सेकंदांच्या आत-बाहेर तोडतो; कारण तो एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. एवढ्या वेगाने तो एका वर्षात जितका दूर जाईल, त्या अंतरास 'प्रकाशवर्ष' म्हणतात. ते जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर भरते. ताऱ्यांची अंतरे सांगताना किलोमीटर अगदीच अपुरा पडतो. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातील प्रॉक्सिमा. तोही सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे.

पण ही अंतरे मोजली कशी? तेथवर कोणी साखळी घेऊन गेले नाही. त्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. हात लांब करून अंगठा उभा धरा. डावा डोळा मिटून अंगठ्याकडे पाहा. मग उजवा मिटून पाहा. अंगठा जागचा हलला नाही, तरी मागच्या भिंतीवर तो इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसेल. अंगठा डोळ्यांजवळ आणलात, तर तो अधिक सरकेल. दूर नेलात, तर कमी. या सरकण्यास 'पराशय' म्हणतात. दोन डोळ्यांमधील अंतर ठाऊक असेल आणि अंगठा किती सरकला हे मोजता आले, तर अंगठ्याचे अंतर गणिताने काढता येते.

ताऱ्यांसाठी असे दूर दूर असलेले दोन डोळे कोठून आणावयाचे? ते पृथ्वीच आपल्याला पुरविते. ती सूर्याभोवती फिरते. म्हणून आज ती जेथे आहे, तेथून सहा महिन्यांनी 30 कोटी किलोमीटर पलीकडे असते. एकच तारा सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिला, म्हणजे तो मागच्या दूरच्या ताऱ्यांवर सरकलेला दिसावयास हवा. टायको ब्राहे या थोर निरीक्षकाने सोळाव्या शतकात असे सरकणे शोधून पाहिले. त्याला ते आढळले नाही. तेव्हा पृथ्वी स्थिरच असली पाहिजे, असे त्याने मानले. त्याचे निरीक्षण चोख होते; चुकला तो निष्कर्ष. तारे सरकत होते, पण ते इतके दूर आहेत की, ते सरकणे नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते.

ते प्रथम मोजले गेले 1838 साली. फ्रीड्रिख बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातील एका अंधुक ताऱ्यावर दुर्बीण रोखून चिकाटीने निरीक्षणे केली. त्या ताऱ्याचा पराशय त्याला एका अंशाच्या 3600 भागांपैकी एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी आढळला. अडीच सेंटीमीटर रुंदीचे नाणे सुमारे सोळा किलोमीटरांवरून पाहिले असता जेवढे दिसेल, तेवढाच हा कोन! त्यावरून त्या ताऱ्याचे अंतर सुमारे 10 प्रकाशवर्षे निघाले. आजच्या मापनाने ते 11.4 प्रकाशवर्षे आहे. पृथ्वी फिरते, याचा आणखी एक पुरावा त्यातून मिळाला, तो वेगळाच.

तथापि या मोजपट्टीला मर्यादा होती. तारा जसजसा दूर, तसतसे त्याचे सरकणे सूक्ष्म. आणि काही शे प्रकाशवर्षांपलीकडे ते त्या वेळच्या दुर्बिणींना मोजता येईना. देवयानीतील ठिपका तर मुळीच सरकत नव्हता. आता दुसरी मोजपट्टी हवी होती.

ही दुसरी मोजपट्टी समजण्यासाठी दिव्याचे उदाहरण घेऊ. अंधाऱ्या रात्री दूर एक दिवा मिणमिणताना दिसला, तर तो जवळची पणती आहे की दूरची मोठी बत्ती, हे नुसते पाहून सांगता येत नाही. परंतु त्या दिव्याचे खरे तेज ठाऊक असेल, तर तो किती दूर आहे हे गणिताने निघते. कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्याइतका होतो. ताऱ्यांचेही तसेच. पण ताऱ्यावर त्याचे खरे तेज लिहून कोणी ठेवले आहे?

ते लिहिलेले होते; वाचणारी दृष्टी मात्र हवी होती. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे जॉन गुडरिक नावाचा एक तरुण राहत असे. त्याला बालपणापासून ऐकू येत नव्हते. 1784 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने वृषपर्वा तारकासमूहातील एका ताऱ्याचे तेज नियमाने कमीजास्त होते, असे दाखवून दिले. तो तारा फुगतो, आकसतो आणि पुन्हा फुगतो. त्याचे हे आवर्तन सुमारे साडेपाच दिवसांत पुरे होते. अशा ताऱ्यांना पुढे 'सेफीड' हे नाव पडले. गुडरिक बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच वारला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी या ताऱ्यांची लिपी उलगडली, ती अमेरिकेतील हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने. हार्वर्ड वेधशाळेत आकाशाची छायाचित्रे काचेच्या तावदानांवर घेतलेली असत. त्या काचा तपासून ताऱ्यांचे तेज नोंदविण्याचे काम स्त्रियांकडे होते. दुर्बिणीवर मात्र पुरुषच बसत. लेव्हिटबाईंना या कामाचे तासाला तीस सेंट मिळत. त्यांचीही श्रवणशक्ती हळूहळू गेली होती. दिवसामागून दिवस भिंग लावून त्या एकेक ठिपका पाहत, जुन्या काचेशी ताडून पाहत आणि वहीत आकडे मांडत. दक्षिण आकाशात मॅजेलनचे मेघ म्हणून दोन तारकापुंज आहेत. त्यांतील तेज बदलणारे 1,777 तारे त्यांनी शोधून काढले व 1908 साली त्यांची यादी प्रसिद्ध केली.

यादी करूनच त्या थांबल्या असत्या, तरी ते काम मोठे ठरले असते. परंतु आकडे मांडताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली : ज्या ताऱ्याचे आवर्तन दीर्घ, तो तारा अधिक तेजस्वी. 1912 साली त्यांनी लहान मेघातील 25 सेफीड घेऊन हा नियम पक्का केला. कोणाचे आवर्तन सव्वा दिवसाचे होते, तर कोणाचे 127 दिवसांचे. पण नियम सर्वांना सारखाच लागू पडला. येथे एक मर्म लक्षात घ्या. घाटमाथ्यावरून खालच्या दूरच्या गावाचे दिवे पाहिले, तर ते सर्व आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. म्हणून त्यांत जो अधिक प्रखर दिसतो, तो खरोखरच प्रखर असतो. मेघातील ताऱ्यांचेही तसेच होते. म्हणजे सेफीडचे आवर्तन मोजा आणि त्याचे खरे तेज जाणा! जवळच्या काही सेफीडांची अंतरे इतर रीतींनी काढून ज्योतिर्विदांनी या मोजपट्टीवर आकडे घातले. मोजपट्टी तयार झाली.

इकडे त्या पुसट ठिपक्यांविषयीचा वाद चालूच होता. 26 एप्रिल 1920 रोजी वॉशिंग्टन येथे दोन विद्वानांनी आपापली बाजू मांडली. हार्लो शॅप्ली म्हणाला, आपली आकाशगंगा अतिशय मोठी असून सर्व काही तिच्यातच आहे. हेबर कर्टिस म्हणाला, हे ठिपके म्हणजे आकाशगंगेबाहेरच्या, तिच्यासारख्याच स्वतंत्र तारकानगरी आहेत. दोघेही विचारी होते, दोघांपाशीही प्रमाणे होती; पण निर्णय झाला नाही. वादाने जे सुटत नाही, ते मोजण्याने सुटते.

1923 सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर एडविन हबल शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीच्या ठिपक्याची छायाचित्रे घेत होता. एका काचेवर त्याला नवा भासणारा तारा दिसला. त्याने तेथे तशी खूण केली. मग जुन्या काचांशी ताडून पाहता तो तारा नवा नसून तेज बदलणारा आहे, असे आढळले. हबलने पहिली खूण खोडली आणि 'बदलणारा' या अर्थाचे अक्षर उद्गारचिन्हासह लिहिले. तो सेफीड होता! त्याचे आवर्तन सुमारे 31 दिवसांचे भरले. लेव्हिटबाईंचा नियम लावताच अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. शॅप्लीने आकाशगंगेची रुंदी तीन लाख प्रकाशवर्षे मानली होती. तिच्याही कितीतरी पलीकडे तो ठिपका होता. तो ढग नव्हता. ती अगणित ताऱ्यांची दुसरी आकाशगंगा, म्हणजे दीर्घिका, होती. 1 जानेवारी 1925 रोजी हा शोध विद्वानांच्या सभेपुढे वाचला गेला, आणि माणसाचे विश्व एकाएकी विशाल झाले.

हे पाहण्यास लेव्हिटबाई हयात नव्हत्या. 12 डिसेंबर 1921 रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या वारल्या होत्या. 1925 साली स्वीडनमधील गणिती मिटाग-लेफ्लर यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविण्याच्या हेतूने त्यांना पत्र लिहिले. त्या गेल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. मरणोत्तर ते पारितोषिक देत नाहीत. पण आजही ज्योतिर्विद दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढू लागला, म्हणजे लेव्हिटबाईंचा नियम त्याच्या हाताशी असतो.

ही मोजपट्टीही निर्दोष नव्हती. 1952 साली वॉल्टर बाडे याने दाखविले की, सेफीड दोन जातींचे असून त्यांची गल्लत झाली आहे. तेव्हा देवयानीचे अंतर दुपटीहून अधिक वाढले. आज ते सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे धरतात. आपली चूक आपणच शोधणे आणि ती न लाजता दुरुस्त करणे, हे शास्त्राचे ब्रीद आहे. पुढे 2013 साली अवकाशात सोडलेल्या 'गाया' यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. आपल्या महाराष्ट्रातही, पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद परिसरात, 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून आहेत. सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या क्षीण लहरी त्यांनी टिपल्याचे 2023 च्या जानेवारीत जाहीर झाले.

आता पुन्हा त्या माळावर जाऊ. उत्तरेकडे ध्रुव दिसतो आहे. आपण त्याला अढळ म्हणतो. पण तोही एक सेफीड आहे, आणि सुमारे चार दिवसांत त्याचे तेज किंचित कमीजास्त होते. आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा शिवछत्रपतींचा जन्मही झाला नव्हता. आणि देवयानीच्या त्या पुसट ठिपक्यातून प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता! त्या प्रकाशाने 25 लाख वर्षे वाट तुडविली, आणि अखेरीस तो तुमच्या माळावर येऊन पोहोचला. त्याला पाहण्यासाठी कार्तिकातील एक रात्र जागण्यास काय हरकत आहे?

स्वाध्याय

1. अंगठ्याचा प्रयोग करून पाहा व त्यावरून 'पराशय' म्हणजे काय ते आपल्या शब्दांत लिहा.
2. टायको ब्राहेचे निरीक्षण बरोबर असूनही त्याचा निष्कर्ष का चुकला?
3. घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या दिव्यांचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
4. 'वादाने जे सुटत नाही, ते मोजण्याने सुटते' हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
5. एक दिवा 10 मीटरांवर व तसाच दुसरा 40 मीटरांवर ठेवला, तर दुसऱ्याचा प्रकाश पहिल्याच्या कितव्या हिश्श्याइतका पोहोचेल?
6. चांदणे नसलेल्या रात्री देवयानीतील ठिपका वडीलधाऱ्यांच्या सोबतीने शोधा व आपला अनुभव दहा ओळींत लिहा.