सर्पाचा उपवास व त्याचे अन्नपचन

साप कित्येक महिने अन्नावाचून राहतो, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. परंतु तो असा कसा राहू शकतो, आणि त्याचा उपवास केव्हा स्वाभाविक समजावा व केव्हा रोगाचे लक्षण समजावे, याचा विचार फार थोड्यांनी केलेला असतो. हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. उपाशी प्राणी पाहून मनुष्याच्या मनात दया उत्पन्न होते, आणि सापाच्या बाबतीत अज्ञानाने केलेली ती दयाच पुष्कळ वेळा त्या मुक्या जीवाचा घात करिते.

आपल्या देशात नाग, धामण, अजगर इत्यादी सर्प पकडून घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरविला आहे, व तो तसा ठरविला हे आमच्या मते योग्यच झाले. इंग्लंड-अमेरिकेत मात्र लोक कुत्र्या-मांजराप्रमाणे सापही पाळतात. त्यांत पश्चिम व मध्य आफ्रिकेतील एक लहान जातीचा अजगर फार लोकप्रिय आहे. भय वाटताच तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करितो, म्हणून अमेरिकेत त्यास 'बॉल पायथन' म्हणतात. इंग्लंडात त्यालाच 'रॉयल पायथन' असे भारदस्त नाव आहे. हा प्राणी खाण्याच्या बाबतीत मोठा लहरी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्याच उदाहरणाने आपण हा विषय समजून घेऊ.

साप भक्ष्य चावीत नाही, सगळेच्या सगळे गिळतो. गिळताना त्याचा जबडा निखळतो असे सांगतात, ते खरे नव्हे. खालच्या जबड्याचे उजवे व डावे अर्ध एकमेकांस हाडाने जोडलेले नसून लवचिक बंधनाने जोडलेले असतात. त्यामुळे ते एकमेकांपासून दूर सरकू शकतात, आणि मागे वळलेल्या दातांनी एकदा एक बाजू व एकदा दुसरी बाजू पुढे टाकीत साप जणू भक्ष्यावरून चालत जातो. या अवधीत श्वास कोंडू नये म्हणून त्याच्या श्वासनलिकेचे तोंड पुढे सरकून जबड्याच्या कडेशी येते. ही योजना पाहून विधात्याच्या कौशल्याचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही.

याहून नवल पोटात घडते. आपले जठर रिकाम्या पोटीही आम्लरस पाझरीत असते. अजगराचे तसे नाही. उपवासाच्या काळी त्याच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतेच. आतडी आकसलेली असतात. गिरणी बंद करून मालक परगावी जावा तशी ही स्थिती असते. भक्ष्य आत गेले की सारा कारखाना एकदम सुरू होतो. ब्रह्मी अजगरावर अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत असे आढळून आले की, भोजनानंतर एक-दोन दिवसांतच लहान आतड्याचे वजन सुमारे दुप्पट होते. आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधाप्रमाणे हृदयाचा मांसल भागही ४८ तासांत शेकडा ४० ने वाढतो. पचन संपले की सर्व अवयव पुन्हा पूर्वस्थितीस येतात. चूल सदोदित पेटती ठेवावी लागत नाही, म्हणूनच सापास दीर्घ उपवास परवडतो. ज्या प्राण्यास स्वतःच्या रक्ताची उष्णता टिकविण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही, त्याची गरजही आपल्यापेक्षा फार अल्प असते, हे निराळे सांगावयास नको.

परंतु या चुलीस सरपण बाहेरून मिळावे लागते, आणि पाळीव सापांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. पाचक रसांचे कार्य उष्णतेवर अवलंबून असते, आणि साप ती उष्णता ऊन वा तापलेला दगड यांजपासून घेतो. म्हणून बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू सुमारे ३१ ते ३२ अंश सेंटिग्रेड व दुसरी सुमारे २६ अंश ठेवितात. त्याने आपल्या गरजेप्रमाणे इकडे किंवा तिकडे जावे. पेटी थंड पडली तर गिळलेला उंदीर जठरात पचण्याऐवजी कुजू लागतो, आणि साप तो ओकून टाकितो. तेव्हा औषध शोधण्यापूर्वी तापमापक पाहावा.

ओकारीची दुसरी कारणेही सोपी आहेत. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठे होते. किंवा भोजनानंतर दोन दिवसांच्या आत कोणी कौतुकाने त्यास हातात खेळविले. ओकारी झाली की पालक घाबरतो आणि 'बिचाऱ्याचे पोट रिकामे झाले' म्हणून लगेच दुसरा उंदीर पुढे करितो. हेच करू नये. ओकारीबरोबर आम्लरस बाहेर आल्याने अन्ननलिका हुळहुळी झालेली असते व जठर दमलेले असते. दहा दिवस ते दोन आठवडे केवळ स्वच्छ पाणी, ऊब आणि एकांत द्यावा; नंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. ओकारी पुनःपुन्हा होऊ लागली, अथवा अंगाच्या मध्यभागी सूज दिसली, तर मात्र जठरात सूक्ष्म परोपजीवी जंतू शिरल्याचा संशय धरून पशुवैद्य गाठावा. त्यांतील एक रोग असा आहे की त्यास खात्रीचा उपाय नाही, आणि तो एका सापाकडून दुसऱ्यास लागतो.

आता साप अन्नास तोंडच लावीत नाही, त्याचा विचार करू. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर धुरकट होतात, त्या दिवसांत तो बहुधा खात नाही. समागमाच्या ऋतूत नर खात नाहीत. नव्या घरी आणलेला, लपावयास जागा नसलेला, वारंवार उचलला जाणारा साप भयाने खात नाही. एक कारण मोठे मौजेचे आहे. या अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणारी छिद्रे असतात, व अंधारात भक्ष्याची ऊब तो त्यांनी ओळखतो. बर्फात ठेवलेला मेलेला उंदीर नीट न उबविता पुढे ठेवला, तर अजगराच्या दृष्टीने ते अन्नच नव्हे! (जिवंत उंदीर द्यावा तर तो उलट सापासच कुरतडतो, म्हणून जाणते लोक मेलेलाच देतात.)

धडधाकट मोठा बॉल पायथन कित्येक महिने न खाता राहिला तरी तेवढ्याने त्यास धोका नसतो. पिलाच्या बाबतीत मात्र इतका धीर धरू नये. येथे डोळ्यांवर नव्हे, तराजूवर विश्वास ठेवावा. आठवड्यास एकदा वजन करून वहीत टिपावे. वजन स्थिर असेल तर उपवास चालू द्यावा. दहावा हिस्सा घटले, हिरड्या लाल झाल्या किंवा तोंडात पू दिसला, तर वैद्याकडे न्यावे. जबडा उघडून बळेच घास कोंबण्याचा मार्ग पुष्कळांस सुचतो. त्याने दात मोडतात, घसा फाटतो, आणि भ्यालेला साप आणखी काही आठवडे खात नाही. हे काम पशुवैद्याचे, तेही अगदी शेवटचा उपाय म्हणून.

मलावरोधाविषयी एवढेच सांगणे पुरे की, तो बहुधा पाणी किंवा ऊब कमी पडल्याने होतो. विष्ठेबरोबर खडूसारखा पांढरा गोळा पडला तर भिण्याचे कारण नाही. सापाचे मूत्र अशाच घट्ट रूपाने बाहेर पडते.

इतके वाचल्यावर आपल्याकडील नागपंचमीच्या दुधाविषयी वाचकांनी स्वतःच अनुमान केले असेल. पवित्र शास्त्रात सर्प माती खाईल असे आहे, तो शापाचा उल्लेख होय, आहाराचा नव्हे. परंतु दूध पाजण्यास तर तेवढाही आधार नाही. सापिणीस स्तन नसतात, पिलू जन्मापासून शिकारच करिते, आणि दूध पचविण्याची सोय त्याच्या आतड्यांत नाही. गारुड्याचा नाग दुधाच्या वाटीस तोंड लावितो, कारण त्यास कित्येक दिवस पाणी मिळालेले नसते. त्या तहानेने तो कोणताही पातळ पदार्थ पिईल. डोके दाबून पाजलेले दूध श्वासनलिकेत उतरते, फुप्फुसात दाह होतो, आणि पूजा आटोपून मंडळी घरी गेल्यावर काही दिवसांनी तो टोपलीतच मरतो. शेतात किंवा अंगणात जखमी साप आढळल्यास त्यास काहीही खाऊ-पिऊ घालू नये. दुरून लक्ष ठेवून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे.