दुरडीतील भाकरी

बालाघाटच्या डोंगररांगांवर पसरलेला धाराशिव जिल्हा हा ज्वारीचा मुलूख आहे. पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात पाऊस बेताचा पडतो, आणि पडतो तोही आपल्या लहरीने. कधी ऐन मृगात तो दडी मारतो, तर कधी उभे पीक आडवे करून जातो. अशा प्रदेशात शेतकऱ्याचा भरवसा पिढ्यान्‌पिढ्या रब्बीच्या ज्वारीवर राहिला. भाद्रपद-आश्विनात पेरलेली ही ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि माघ-फाल्गुनात काढणीस येते. आज शिवारात सोयाबीन व ऊस यांनी बरीच जागा व्यापली आहे. तरी जेवणाच्या ताटातील भाकरीचे स्थान ढळलेले नाही.

एका भाकरीची खरी किंमत किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो ज्वारी पिकण्यास जगाच्या सरासरीने सुमारे ३,००० लिटर पाणी खर्ची पडते. त्यातील बहुतेक पावसाचेच असते. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ धरले, तर तिच्यामागे २४० लिटर पाणी असते. म्हणजे १५ लिटरच्या १६ घागरी! ज्या गावात वैशाखात दोन घागरींसाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावात उकिरड्यावर पडलेली भाकरी पाहून जाणत्या माणसाच्या मनास काय वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको.

या मुलखातील गृहिणींनी हे गणित चुलीपाशी केव्हाच सोडवून ठेवले आहे. ज्वारीचे कोवळे कणीस भाजले की हुरडा होतो. पिकल्या दाण्याचे पीठ होते. भरडलेल्या कण्या ताकात शिजवल्या की सकाळची न्याहारी होते, आणि धाटांचा कडबा दावणीला जातो. परंतु खरे कसब दिसते ते दुसऱ्या दिवशी. रात्रीची भाकरी दुरडीत उरली, तर सकाळी ती कुस्करून तिला मोहरी, कांदा व मिरची यांची फोडणी देतात. वर मूठभर शेंगदाण्याचे कूट पडले, म्हणजे मुले ताज्या भाकरीकडे वळूनही पाहत नाहीत. ताकात कालवली तर तिचाच काला होतो. सोलापूर-धाराशिवकडे भाकरी पातळ थापून ती पार कोरडी होईपर्यंत वाळवतात. तिला ‘कडक भाकरी’ म्हणतात. पाण्याचा अंश निघून गेल्यामुळे ती कित्येक दिवस टिकते, आणि प्रवासात फार उपयोगी पडते. ‘शिळे’ हा शब्द उगाचच बदनाम झाला आहे.

मात्र सर्वच शिळे अन्न खाण्याजोगे नसते, हेही तितकेच खरे. भाकरी कोरडी म्हणून टिकते. ओलसर भात किंवा वरण उन्हाळ्यात काही तासांतच नासते. बुरशी आलेला भाग काढून उरलेली भाकरी खाणेही बरे नव्हे. कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोलवर गेलेले असतात. म्हणून सुज्ञ गृहिणी लवकर नासणारे पदार्थ घरातील माणसे मोजूनच रांधते.

सणावारीही हीच दृष्टी असते. पुरणपोळीसाठी हरभऱ्याची डाळ शिजवली, की निथळून उरलेल्या पाण्याला येथे ‘येळवणी’ म्हणतात. डाळीचा कस त्या पाण्यात उतरलेला असतो. ते ओतून कोण देणार? मसाला घालून त्याची झणझणीत आमटी होते, आणि गोड पोळीस तिच्यासारखी जोड नाही. हरभऱ्याच्या पाल्याची गोष्टही अशीच. पीक फुलावर येण्यापूर्वी त्याचे शेंडे खुडतात. त्यामुळे झाडास अधिक फांद्या फुटतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. उरलेला पाला वाळवून जपून ठेवतात. ज्येष्ठात, रानात हिरवे पान दिसत नाही तेव्हा, तोच पाला पुन्हा चुलीवर चढतो.

सरपणही अन्नासारखेच जपावे लागे. मातीच्या चुलीला लागून ‘वैल’ असे. चुलीवर भाकरी भाजली जाई, तेव्हा तिची वाया जाणारी धग वैलावरच्या डाळीला मिळे. तथापि चुलीचे गुणगान करताना तिचा धूर विसरता कामा नये. त्याने अनेक मातांचे डोळे आणि छाती बाधली. आता बहुतेक घरांत गॅसची शेगडी आली आहे. तिच्यावरही काटकसर साधते. डाळ आधी भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच मंद करावी. एकदा उकळी आली, की ज्योत कितीही वाढवली तरी उघड्या भांड्यातील पाणी अधिक तापत नाही. केवळ वाफ वाढते आणि इंधन जळते.

ही काटकसर हौसेने आलेली नाही. पूर्वी गावोगावी ज्वारी साठवण्यासाठी पेवे असत. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे कोठार. आत कडब्याचे अस्तर देऊन त्यात धान्य भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू संपला, की कीडही मरून जाई. पेव उघडताच आत उतरणारा माणूसही त्यामुळे गुदमरे. म्हणून ते काही काळ उघडे ठेवावे लागे. १९७२ च्या दुष्काळात या पेवांचेही तळ दिसले. धान्य परदेशातून आणावे लागले. ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली, आणि खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळू लागली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या वेळची लेकरे आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवंडाने ताटात टाकलेला घास पाहून त्यांचा जीव कळवळतो. त्याला कंजूषपणा म्हणणे हा अन्याय होय.

आणि टाकण्याची ही सवय साऱ्या जगाला जडली आहे. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यापैकी सुमारे ६३ कोटी टन दुकानांत किंवा उपाहारगृहांत नव्हे, तर घरांतच वाया गेले.

धाराशिवच्या काही शेतकरी महिलांनी या प्रश्नाला रानापासूनच हात घातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने तेथील महिला एकत्र आल्या. पुढे दुष्काळाची झळ वाढली, तेव्हा त्यांनी घरच्या शेतातील एकेक एकर तुकडा मागून घेतला. त्यात भाजीपाला, डाळी व ज्वारी-बाजरी अशी पोटाची पिके त्या घेऊ लागल्या. आधी घराला पुरवायचे, उरेल ते विकायचे, असा त्यांचा रिवाज आहे. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार लाभला. अशा घरी भाजी टोपलीत पडून सडत नाही. सकाळी लागेल तेवढीच तोडली जाते. तिची साले व देठ दारातील उस्मानाबादी शेळीपुढे पडतात, आणि शेळीच्या लेंड्या खत होऊन पुन्हा त्याच वाफ्यात जातात.