उंचावरील मासे आणि जोडभिंग

प्रस्तावना

लखनौच्या मोठ्या इमामबाड्याच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहून वर पाहिले, तर कमानीच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले मासे दिसतात. मासा हे अवधच्या नवाबांचे राजचिन्ह होते. आजच्या उत्तर प्रदेशाच्या राज्यमुद्रेतही माशांची जोडी आहे. नवाब आसफउद्दौला याने इ. स. १७८४ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून या इमामबाड्याचे बांधकाम सुरू केले. आग्रा वा दिल्ली येथील इमारतींप्रमाणे हे काम लाल दगडाचे किंवा संगमरवराचे नाही. ‘लखौरी’ नावाच्या पातळ विटा आणि त्यांवर चुन्याचा गिलावा, अशी लखनौची रीत आहे. गिलावा ओला असताना कारागीर त्यातून हवे ते रूप घडवतो. परंतु चुना तो चुनाच. दरवर्षीच्या पावसाने आणि उन्हाने प्रथम झिजतात त्या बारीक रेषा: माशाचे खवले, कल्ले, शेपटीची टोके. भिंत उभी राहते, पण तिच्यावरचे काम हळूहळू नाहीसे होते.

हे काम इतक्या उंचावर असते, की परांची बांधल्याशिवाय तेथे कोणाला पोहोचता येत नाही. साध्या खिशातल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात मासा ओळखू येतो, त्याचे खवले मात्र दिसत नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे आणखी एक भिंग जोडण्याची सोय उपयोगी पडते. त्याला या पाठात आपण ‘जोडभिंग’ म्हणू. या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला जोडभिंगाचे कार्य स्पष्ट करता येईल, त्याने किती तपशील वाढतो हे आकडेमोड करून सांगता येईल आणि त्याच्या मर्यादा लक्षात घेऊन एखाद्या वास्तूची विश्वसनीय नोंद करता येईल.

छायाचित्र हा पुरावा

लखनौ शहराला जुन्या छायाचित्रांचे मोल फार लवकर कळले. १८५६ साली कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. त्याच सुमारास अहमद अली खान ऊर्फ छोटे मियाँ हे लखनौत कॅमेरा चालवीत होते. १८५८ च्या वसंत ऋतूत फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात आला. त्यानंतर रॉबर्ट नेपियर याच्या योजनेनुसार जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले आणि त्यासाठी पुष्कळ इमारती पाडल्या गेल्या. १८७४ साली दरोगा अब्बास अली या नगरपालिकेच्या अभियंत्याने लखनौच्या पन्नास छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. कैसरबागेचे मूळ रूप कसे होते हे आज अभ्यासकाला पाहावयाचे असेल, तर या मंडळींच्या कामाकडेच वळावे लागते. (मराठी वाचकाला कैसरबाग आणखी एका कारणाने परिचित असेल. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली लखनौत स्थापन झालेली संगीतसंस्था तेथील परीखान्याच्या वास्तूत नांदते.)

ही जुनी चित्रे अवजड कॅमेऱ्याने, तिपाईवरून घेतलेली आहेत. त्यांत संपूर्ण इमारत येते, पण कमानीवरचा मासा नखाएवढा दिसतो. जे काम त्या काळच्या साधनांनी राहून गेले, ते आज साधा कॅमेरा बाळगणारी व्यक्तीही करू शकते. मात्र साधन समजून वापरले पाहिजे.

जोडभिंग कसे काम करते

दुर्बिणीची कल्पना जुनी आहे. गॅलिलिओने १६०९ साली वापरलेल्या दुर्बिणीत पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग होते. जोडभिंगाची रचना मूलतः हीच असते. पुढचा मोठा बहिर्गोल भिंगसंच किरणांना एकत्र आणू लागतो. ते एका बिंदूत मिळण्यापूर्वीच मागचा अंतर्गोल संच त्यांना पुन्हा समांतर करतो. समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात, परंतु वस्तूच्या दोन टोकांकडून येणाऱ्या किरणांमधील कोन वाढलेला असतो. त्यामुळे कॅमेऱ्याला वस्तू मोठी दिसते.

छायाचित्रणासाठी स्वतंत्र टेलिफोटो भिंग १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डॉलमायर आणि जर्मनीत अडोल्फ मीथे व अडोल्फ श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. मोठ्या कॅमेऱ्यांवर भिंग काढून दुसरे बसवता येते. खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचे भिंग मात्र कायमचे जडवलेले असते. म्हणून कंपन्यांनी पुढून जोडावयाची भिंगे विक्रीस आणली. निकॉनचे टीसी-ई२ हे दुप्पट, ऑलिंपसचे टीकॉन-१७ हे १.७ पट आणि कॅननचे टीसी-डीसी५८एन हे १.७५ पट मोठे दाखवणारे भिंग होते. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा एक कोटीच्याही खाली आला होता, कारण मधल्या काळात मोबाइलने त्यांची जागा घेतली. आज अशी जोडभिंगे बहुधा जुन्या बाजारात मिळतात. मोबाइलला चिमट्याने लावावयाचे टेलिफोटो भिंगही याच तत्त्वावर चालते.

एक गोष्ट जोडभिंगाच्या बाजूची आहे. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे बसवलेला दुप्पट करणारा संच प्रकाश एक चतुर्थांशावर आणतो. पुढून जोडलेल्या भिंगाचा व्यास पुरेसा मोठा असेल, तर ही हानी जवळजवळ होत नाही.

थोडी आकडेमोड

एखाद्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर पूर्ण लांबवल्यावर १०५ मिलिमीटर आहे, असे समजू. (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीशी तुलना करून हा आकडा कॅमेऱ्यावर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. त्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर असते.) तीस मीटर अंतरावरील भिंतीचा किती भाग चित्रात येईल? ३६ ला १०५ ने भागून ३० ने गुणल्यास सुमारे १०.३ मीटर येतात. दुप्पट जोडभिंग लावल्यावर नाभीय अंतर २१० मिलिमीटर होते आणि भिंतीचा सुमारे ५.१ मीटर भागच चौकटीत मावतो.

कॅमेरा ८० लाख पिक्सेलचा असेल, तर चित्राच्या रुंदीत सुमारे ३,२६४ पिक्सेल असतात. पहिल्या चित्रात भिंतीच्या एका मीटरसाठी सुमारे ३१५, तर दुसऱ्यात सुमारे ६३५ पिक्सेल मिळतात. माशाचे खवले ओळखू यावयाचे की नाही, हे या फरकावर ठरते.

कॅमेऱ्यातील ‘डिजिटल झूम’ने हे साधत नाही. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला एक चतुर्थांश भाग कापून ताणणे. ८० लाखांतले २० लाख पिक्सेलच उरतात आणि नवा तपशील एकही येत नाही. दुकानदार पुष्कळदा दोन्ही झूमचा गुणाकार करून मोठा आकडा सांगतो. त्याकडे दुर्लक्ष करावे.

पाठगत प्रश्न १
(अ) जोडभिंगात पुढे आणि मागे कोणत्या प्रकारची भिंगे असतात?
(आ) वरील कॅमेऱ्याला १.७ पट जोडभिंग लावल्यास ३० मीटर अंतरावरील भिंतीचा किती रुंद भाग चित्रात येईल?

जोडणी आणि स्थैर्य

खिशातल्या कॅमेऱ्याची नळी सुरू करताच पुढे सरकते आणि बंद करताच आत जाते. तिच्यावर जोडभिंगाचा भार टाकला, तर आतील नाजूक दाते बिघडतात. म्हणून कॅमेऱ्याच्या अंगावर एक स्वतंत्र नळकांडे बसवून त्याच्या टोकाला भिंग फिरवून घट्ट करतात. नळकांडे त्या विशिष्ट कॅमेऱ्याचेच असावे. ते आखूड असेल तर पुढे सरकणारे भिंग जोडभिंगावर आदळते. लांब असेल तर चित्राचे कोपरे काळे होतात. कॅमेऱ्याचा झूम पूर्ण पुढे नेल्याशिवायही कोपरे काळेच येतात. तो दोष समजून भिंग परत करणारेही असतात!

जोडभिंग चढवल्यावर कॅमेऱ्याची काच-खिडकी आणि फ्लॅशचा मार्ग अडतो. फ्लॅश बंद करावा. तसाही तो तीस मीटर पोहोचत नाही. चित्राची चौकट मागच्या पडद्यावरच पाहावी. जवळच्या वस्तूवर आता नेम बसत नाही. दुप्पट भिंगाने किमान अंतर साधारण चौपट होते, म्हणजे जो कॅमेरा ८० सेंटिमीटरवर स्पष्ट पाहत होता, त्याला आता ३ मीटरहून अधिक अंतर लागते.

सर्वांत मोठा शत्रू हाताचा कंप आहे. वस्तू दुप्पट दिसते तसा कंपही दुप्पट दिसतो. नाभीय अंतराचा आकडा घेऊन सेकंदाचा तितकावा भाग, ही शटरच्या वेगाची जुनी ढोबळ मर्यादा आहे. १०५ मिलिमीटरला सुमारे १/१२५ सेकंद पुरत असेल, तर २१० ला १/२५० सेकंद हवा. कंपरोधक सोय असलेल्या कॅमेऱ्यात थोडी सूट मिळते. तिपाई असल्यास दोन सेकंदांचा विलंब लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का चित्रात उतरत नाही. अनेक संरक्षित वास्तूंत तिपाई नेण्यास आगाऊ परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे. इमामबाडा हे श्रद्धास्थान आहे. तेथे येणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दुरून भिंग रोखणे अशोभनीय होय.

हवा आणि प्रकाश

भिंग कितीही चांगले असले, तरी मधली हवा ते बदलू शकत नाही. मे महिन्याच्या दुपारी लखनौचे अंगण तापते, हवा थरथरत वर चढते आणि दूरची कमान पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी हलते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. फेब्रुवारी-मार्चमधील सकाळ, किंवा पावसाने धूळ खाली बसवल्यानंतरचा स्वच्छ दिवस, हे काळ सर्वांत अनुकूल. गिलाव्यातील उठाव समोरच्या प्रकाशात सपाट दिसतो. सूर्य बाजूने आणि खाली असेल, तेव्हा प्रत्येक खवल्याची बारीक सावली पडते आणि झीज कोठे झाली आहे तेही उघडे पडते.

जोडभिंगाने कडांशी जांभळट रेघ येते व कोपरे मऊ होतात. एक-दोन पायऱ्या छिद्र लहान केल्यास हा दोष कमी होतो. म्हणून महत्त्वाचा तपशील चौकटीच्या मध्यभागी घ्यावा.

दुरून पाहण्यातली फसगत

इमामबाड्याच्या गच्चीवरून रूमी दरवाजा आणि त्यापलीकडील हुसैनाबादचा घंटाघर एकाच दृष्टिक्षेपात येतात. रूमी दरवाजा सुमारे १८ मीटर, तर घंटाघर सुमारे ६७ मीटर उंच. जोडभिंगातून पाहिल्यास दोन्ही जणू एकमेकांना खेटून उभे आहेत असे वाटते. भिंगाने अंतर आवळले असे लोक म्हणतात, ते खरे नाही. दृश्याचा हा परिणाम पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. त्याच जागेवरून साधे चित्र घेऊन मधला भाग कापला, तर तोच देखावा मिळेल, फक्त तपशील कमी असेल. जोडभिंगाच्या चित्रावरून दोन इमारतींमधील अंतराचा अंदाज मात्र कधीही बांधू नये.

मर्यादाही ओळखावी. लखनौ-कानपूर मार्गावरील नवाबगंजच्या पक्षी अभयारण्यात हेच साधन घेऊन गेल्यास निराशा पदरी येते. दीड मीटरहून उंच असलेला सारस क्रौंच शंभर मीटरवर उभा असेल, तर २१० मिलिमीटरच्या चौकटीत तो उंचीचा जेमतेम सातवा भाग व्यापतो. लहान पक्ष्यांची तर गोष्टच नको. जोडभिंग हे स्थिर, मोठ्या आणि मध्यम अंतरावरील वस्तूंचे साधन आहे. उंचावरची कारागिरी त्याला अगदी अनुरूप.

नोंद

सुट्या माशाचे सुंदर चित्र हा पुरावा होत नाही. तो कोणत्या कमानीचा, कोणत्या बाजूचा, हे पुढे कोण सांगणार? यासाठी प्रथम जोडभिंग न लावता संपूर्ण दरवाजाचे चित्र घ्यावे, मग त्याच जागेवरून तपशिलाचे. उभे राहण्याची जागा एखाद्या पायरीच्या किंवा खांबाच्या खुणेने वहीत लिहावी. कॅमेऱ्याचे घड्याळ आधी बरोबर लावावे. बहुतेक कॅमेऱ्यांना आपल्यापुढे भिंग जोडले आहे याची जाणीव नसते. ते चित्रासोबत स्वतःचेच नाभीय अंतर नोंदवतात. म्हणून ‘दुप्पट’ हा शब्द हातानेच लिहिला पाहिजे. पुढील वर्षी पावसाळा संपल्यावर त्याच पायरीवर उभे राहून, त्याच वेळी तेच चित्र पुन्हा घेतले, म्हणजे वर्षभरात किती खवले गळाले ते मोजता येते.

स्वाध्याय

१. डिजिटल झूम आणि जोडभिंग यांतील फरक आकडेवारीच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘भिंगाने अंतर आवळले’ या समजुतीबद्दल पाठात काय म्हटले आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘परांची’, ‘गिलावा’, ‘खालसा करणे’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
४. कृती : तुमच्या गावातील मंदिर, मशीद, चर्च, वाडा किंवा वेस यांवरील उंचावरचे एखादे कोरीव काम निवडा. त्याची दोन चित्रे, एक संपूर्ण वास्तूचे व एक तपशिलाचे, काढून किंवा हाताने रेखाटून त्यांखाली दिनांक, वेळ, उभे राहण्याची जागा आणि अंदाजे अंतर लिहा.