माइक ऐकेल, स्पीकर गप्प राहील

समजा, अंबडच्या एखाद्या शाळेसाठी मोबाइलवरचा छोटा खेळ करायचा आहे. पडद्यावर तिथल्या मत्स्योदरी देवीची टेकडी. मूल मोठ्याने कविता म्हणेल तसा वाटसरू पायऱ्या चढेल, मूल थांबलं की तोही थांबेल. इथे मुलाचा आवाज खेळाला कळायला हवा, पण स्पीकरमधून परत यायला नको. परत आला तर तो पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. शिवाय स्वतःचाच आवाज किंचित उशिराने कानावर पडला की मूल बोलताना अडखळतं.

गोडो हे खेळ बनवण्याचं इंजिन मोफत आहे, म्हणून त्याच्या चौथ्या आवृत्तीतली रीत सांगतो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ऑडिओ, त्यात ड्रायव्हर, तिथे ‘एनेबल इनपुट’ चालू करा. हे राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही हाती शांतताच येते. मग ऑडिओ पॅनलमध्ये नवी बस, म्हणजे आवाजाची वाट, जोडून तिला ‘माइक’ नाव द्या आणि तिच्यावर ‘कॅप्चर’ इफेक्ट टाका. सीनमध्ये ऑडिओस्ट्रीमप्लेअर घ्या, त्याला ऑडिओस्ट्रीममायक्रोफोन द्या आणि बस म्हणून ‘माइक’ निवडा.

आता आवाज नेमका कुठे बंद करायचा? बहुतेक जण इथेच फसतात. प्लेअरचा व्हॉल्यूम उणे ८० डेसिबलवर नेला की स्पीकर गप्प होतो खरा, पण कॅप्चरपर्यंतही काही पोहोचत नाही, कारण प्लेअरचा व्हॉल्यूम इफेक्टच्या आधी लागतो. बसचं म्यूट मात्र इफेक्टनंतर लागतं. म्हणून प्लेअरला हात लावू नका, ‘माइक’ बस म्यूट करा. आवाज कॅप्चरमध्ये जमा होतो आणि मास्टर बसकडे जाण्याआधीच अडतो.

जमा झालेला आवाज प्रत्येक फ्रेमला उचलायला हवा. कॅप्चरचा बफर मुळात ०.१ सेकंदाचाच असतो. तो भरला की आवाजाचे नवे नमुने वाया जातात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ६० फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला साधारण ७३५ नमुने येतात. किती उपलब्ध आहेत ते विचारा, तेवढेच घ्या, त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या आणि डेसिबलमध्ये बदला. शून्याचं डेसिबल उणे अनंत होतं, म्हणून आधी किमान ०.०००१ धरा.

अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट करताना ‘रेकॉर्ड ऑडिओ’ची परवानगी निवडा, खेळ सुरू झाल्यावर ती मुलाकडून मागा आणि मिळाल्यावरच प्लेअर चालू करा.

युनिटी या दुसऱ्या इंजिनात काम सोपं आहे: मायक्रोफोन सुरू केल्यावर मिळणाऱ्या क्लिपमधून थेट नमुने वाचता येतात, ती वाजवावी लागतच नाही.

उरतो वर्गाचा प्रश्न. डोक्यावर पंखा, बाहेर मोटारसायकली. एकच ठरावीक पातळी धरली तर एका वर्गात वाटसरू आपोआप चढेल, दुसऱ्यात ओरडूनही हलणार नाही. म्हणून सुरुवातीचे दोन सेकंद मुलाला शांत बसवून खोलीचा आवाज मोजा आणि त्याहून दहा-बारा डेसिबल वर गेलं तरच पाऊल टाका. आणि ऐकण्याच्या वेळी खेळाचं पार्श्वसंगीत बंदच ठेवा. बस म्यूट असली तरी स्पीकरवरचं संगीत हवेतून माइकमध्ये येतंच, आणि मूल गप्प असतानाही वाटसरू टेकडी चढत सुटतो.